भांडी आधी का वाजली?
(अश्दोद येथे शब्बाथनंतर दिलेले व्याख्यान)



११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आजही आठवते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि आम्ही अलिबागेजवळच्या एका गावी राहत होतो. फडताळातील भांडी एकाएकी किणकिणू लागली. आईने ‘शेमा’ म्हणत आम्हा भावंडांना उठवले आणि अंगणात नेले. आम्ही बाहेर पोहोचलो आणि मग जमीन खऱ्या अर्थाने हलली. भूकंप कोयनेला झाला होता, हे मागाहून कळले. पण भांडी आधी का वाजली, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला.

त्याचे उत्तर असे आहे. भूकंपातून मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून निघतात. प्राथमिक लहरी खडकाला पुढेमागे दाबत जातात. भूकवचात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर असतो. दुय्यम लहरी खडकाला आडव्या हलवतात. त्यांचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर, मात्र हानी त्या अधिक करतात. कोयना आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरांहून दूर. म्हणजे पहिल्या लहरीने भांडी वाजवली आणि दुसरी जवळजवळ वीस सेकंदांनी आली.

या दोन लहरींची वेगळी ओळख पटवणारे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी होते. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाच्या युरोपातील नोंदी त्यांनी अभ्यासल्या. पुढे १९०६ मध्ये त्यांनी दाखवले, की पृथ्वीला निराळा गाभा असला पाहिजे. तो किती खोल आहे, हे १९१४ च्या सुमारास बेनो गुटेनबर्ग यांनी ठरवले : सुमारे २९०० किलोमीटर. आजही तो आकडा जवळजवळ तसाच आहे. गुटेनबर्ग हे डार्मस्टाटच्या यहुदी कुटुंबातले. कित्येक वर्षे वडिलांचा साबणाचा कारखाना सांभाळून त्यांनी संशोधन केले आणि १९३० मध्ये ते कॅलिफोर्नियास गेले. १९३३ मध्ये तेथे भूकंप झाला, तेव्हा ते आइन्स्टाइन यांच्याशी भूकंपांविषयीच बोलत चालले होते आणि धक्का दोघांनाही जाणवला नाही, असे सांगतात!

दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, कारण द्रव आडव्या ताणाला विरोध करीत नाही. गाभ्यापलीकडे त्या पोहोचत नाहीत, म्हणून बाहेरचा गाभा द्रवरूप आहे हे समजले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचे ओळखले; तो घन आहे, हे पुढे सिद्ध झाले. मनुष्याने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम बारा किलोमीटरांचे; केंद्र तर ६३७१ किलोमीटरांवर. जेथे हात पोहोचत नाही, तेथील वार्ता या लहरीच आणतात.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. मृत समुद्राच्या दरीतून मोठा भूभ्रंश जातो. ११ जुलै १९२७ रोजी तेथील भूकंपाने शेकडो माणसे दगावली. येरुशलेम, लोद, रामले येथे घरे कोसळली. आपल्या देशातील पूर्वसूचना यंत्रणा प्राथमिक लहर टिपून दुय्यम लहरीच्या आधी इशारा देते. पण मृत समुद्र येथून सुमारे ऐंशी किलोमीटरांवरच आहे. दोन लहरींत जेमतेम नऊ-दहा सेकंदांचे अंतर पडेल. यंत्रणेला लागणारा वेळही त्यात धरावयाचा.

म्हणून माझी विनंती एवढीच : आज घरी गेल्यावर कुटुंबासह ठरवा. तळमजल्यावर असाल, तर ताबडतोब मोकळ्या जागी जा. ते शक्य नसेल, तर ममादमध्ये जा आणि दार उघडेच ठेवा. तेही नसेल, तर जिन्यात जा. घरातील आजी-आजोबांचा हात कोणी धरावयाचा, हेही आजच ठरवा.

माझ्या आईला लहरींचे शास्त्र ठाऊक नव्हते. भांडी वाजताच ती उठली, एवढेच. तिला वीस सेकंद मिळाले होते. आपल्याला त्याच्या निम्मेच मिळतील.