पालक कधी पेरायचा?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत परसबागेवर केलेलं भाषण)



परसबागेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. "पालक उगवतो, पण चार पानं आली की मधून दांडा निघतो, तुरा येतो. बी खराब होतं का?" बहुतेक वेळा बी चांगलं असतं. चुकलेला असतो तो महिना.

आपला देशी पालक म्हणजे बीटाचा सख्खा भाऊ. बीट, देशी पालक आणि शहरातल्या मोठ्या दुकानात लाल-पिवळ्या देठाचं स्विस चार्ड मिळतं ते, ही तिन्ही एकाच प्रजातीची. बीटाचा कंद खातात, बाकी दोघांची पानं. तिघांनाही थंडी मानवते, ऊन सोसत नाही. ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला, की झाड पानं वाढवायचं सोडून बी धरायच्या मागं लागतं.

म्हणून आपल्या जालन्यात पालकाचा खरा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. पोळा झाला की वाफा तयार करायला घ्या. हस्त आणि चित्रा नक्षत्राची पेरणी सगळ्यात चांगली साधते. सप्टेंबरात परतीचा पाऊस असतो आणि आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. तेव्हा सपाट वाफ्यात पेरू नका, वीतभर उंच गादीवाफा करा, नाहीतर रोपं पिवळी पडून सडतात.

पेरायच्या आदल्या रात्री बी पाण्यात भिजत घाला. पालकाचं एक बी दिसतं ते खरं तर दोन-तीन बियांचा गठ्ठा असतो, म्हणून एका ठिकाणी दोन-तीन रोपं येतात. दोन ओळींत वीतभर अंतर ठेवा, बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नका. दाट झालेली रोपं उपटा, पण फेकू नका. तीच पहिली भाजी. साधारण ३० ते ३५ दिवसांनी पहिली कापणी येते. जमिनीपासून दोन बोटं सोडून कापा, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नका. पेरला तर एका आठवड्यात भाजी उतू जाते आणि पुढं घरात काहीच नसतं. वाफ्याचे चार भाग करा, दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरा.

आता अवघड गोष्ट. पालकाचा हंगाम तोच उसाच्या तोडीचा हंगाम. घनसावंगी, मंठा, अंबड भागातल्या कितीतरी बाया दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांनी पालक कधी पेरायचा? ज्या जाणार आहेत त्यांनी पोळ्यानंतर लगेच पेरावा, जायच्या आधी एक-दोन कापण्या हाती येतात. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं राहत असतील, तर गटातल्या शेजारणीनं वाफ्याला पाणी द्यायचं आणि भाजी दोन्ही घरी वाटून घ्यायची. गटात पैशाची बचत करतो, तशी ही भाजीची. आणि परत आल्यावर, पाडव्याच्या सुमाराला, पालकाच्या नादी लागू नका. तेव्हा तांदुळजा पेरा. तो ऊन सोसतो आणि महिन्याभरात ताटात येतो.

पाण्याचं म्हणाल, तर २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडं मोसंबीच्या बागा जळाल्या. तिथं भाजीला पाणी कुठून आणायचं? भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला सोडा. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. ओळींच्या मधे सोयाबीनचा भुसा पसरा, ओल टिकते. पाणी सकाळी नाहीतर सांजच्याला द्या.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे या सतरंजीवर बसलेल्या निम्म्या जणी. पण पालक खाल्ला की लगेच रक्त वाढतं, असं मी सांगणार नाही. पालकात लोह असलं तरी ते अंगी कमी लागतं. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका. आशाताईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा. मुतखड्याचा त्रास असेल तर पालक बेतानंच खा, डॉक्टरला विचारा. आणि भाजी थोडी असली की ती नवऱ्याच्या, लेकरांच्या ताटात जाते, बाईला कोरडी भाकरी उरते. वाफा आपण केला, तर आपल्या ताटातही भाजी आली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं एक यादी आणायची: कोण कधी पेरणार, कोण तोडीला जाणार आणि तिच्या वाफ्याला पाणी कोण देणार. बी आपण सगळ्या मिळून आणू.