स्वयंसेवकांशी बोलताना
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कार्यकर्ता-मेळाव्यात केलेले भाषण)



स्वयंसेवकांशी कसे बोलावे, या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. केंद्र सरकारच्या सेवेत आमची तीस वर्षे गेली. परिपत्रक, स्मरणपत्र आणि 'कारणे दाखवा' हीच आमची भाषा बनली. ती कचेरीत चालते, कारण तिच्यामागे पगार आणि बढती उभी असते. मंडळाच्या कामात तिच्यामागे काहीच उभे नसते, हे आम्ही फार उशिरा शिकलो. तेव्हा आम्ही अधिकारवाणीने नव्हे, तर चुकलेल्या माणसाच्या अनुभवाने बोलत आहोत, असे समजावे.

आम्ही मंडळाचे चिटणीस असतानाची गोष्ट. गणेशोत्सवातील महाप्रसादाची पंगत एक वाजता बसायची होती. आदल्या रात्री कार्यकारिणीने ती बारावर आणली. निरोप एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगितला. पंगतींची व्यवस्था सात वर्षे सांभाळणारे एक तरुण गृहस्थ होते. त्यांच्यापर्यंत मात्र तो पोहोचलाच नाही. बारा वाजता पाने मांडलेली नाहीत हे पाहून आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "तुमच्यावर काम सोपवले हीच आमची चूक." ते एक शब्द बोलले नाहीत. शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांनी वाढले, पत्रावळी उचलल्या आणि ते घरी गेले.

खरा प्रकार आम्हांस रात्री कळला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. चहा पुढे करून ते म्हणाले, "साहेब, रागावलात त्याचे काही नाही. पण पंगतीसमोर नको होते." पुढेही ते उत्सवास येत राहिले, सतरंज्या घालीत राहिले, परंतु कोणत्याही कामाची जबाबदारी त्यांनी पुन्हा कधी पत्करली नाही. मंडळाचे हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

ही व्यथा केवळ आपल्याच मंडळाची आहे असे नाही. १९०१ साली कलकत्त्यास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजी तेथे गेले होते. तेथे एका स्वयंसेवकास काम सांगावे, तर तो ते दुसऱ्यावर व दुसरा तिसऱ्यावर सोपवी, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांनी स्वतः मात्र चिटणीस घोषालबाबूंकडे जाऊन काम मागितले. आपणाजवळ केवळ कारकुनी काम आहे, असे घोषालबाबूंनी स्पष्ट सांगितले आणि उत्तरे द्यावयाच्या पत्रांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. टपाल हातावेगळे झाले की ते गांधीजींशी बोलत बसत. काम हलके होते, पण ते नेमके सांगितलेले होते आणि माणसाची विचारपूस होती. म्हणून गांधीजींनी ते आनंदाने केले.

संत गाडगेबाबांची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. गावात शिरताच ते प्रथम स्वतः खराटा हाती घेत. रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आधी हात, मग जीभ. आणि सांगण्याआधी विचारणे! यापेक्षा मोठे शास्त्र आम्हांस ठाऊक नाही.

आता थोडे व्यवहाराचे. काम सांगताना जागा, वेळ, किती तास लागतील आणि अडचण आल्यास कोणास विचारावे, एवढे सांगावेच. त्याबरोबर ते काम कशासाठी आहे हेही सांगावे. बेत बदलला, तर ज्याने काम सोपवले त्यानेच तो बदल कळवावा. आज व्हॉट्सॲपवर एका क्षणात दोनशे जणांस निरोप जातो; पण सर्वांना पाठवलेला निरोप पुष्कळदा कोणासच उद्देशून नसतो. महत्त्वाच्या गोष्टीसाठी प्रत्यक्ष बोलावे. कोणी 'जमणार नाही' म्हणाले, तर मन मोठे करून ऐकावे. खोट्या होकारापेक्षा खरा नकार बरा. कौतुक चारचौघांत करावे, चूक एकांतात सांगावी. उत्सव संपल्यावर काय साधले आणि पैसा कोठे खर्च झाला, हे सतरंज्या उचलणाऱ्यासही कळावे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मंडळींसाठी. आपली मुले येथेच वाढली. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळते, कित्येकांना देवनागरी सूचनाफलक वाचताना अडखळायला होते. त्या मराठीस कोणी हसले, तर ते मूल पुढच्या वर्षी मांडवात येत नाही. त्याला काम द्यावे, त्याच्याशी बोलावे. काम करता करता भाषा आपोआप सुधारेल.

पन्नास वर्षे हे मंडळ टिकले ते घटनेच्या कलमांवर नव्हे. कोणीतरी कोणाच्या तरी दारी जाऊन, "येता का हो, जरा हात लावायला?" असे विचारले, म्हणून ते टिकले. हा प्रश्न विचारणे आपण सोडू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.