"सलाईन लावून घे": थकव्यावरच्या संशोधनाची गोष्ट

कुठे आहात आत्ता? एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, की मार्केट यार्डात ट्रॅक्टरच्या रांगेत नंबर लागायची वाट बघत? कुठेही असा, इयरफोन नीट बसवा. आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मी बोलतोय विंचूरहून, तालुका निफाड. आणि आजचा विषय आहे थकवा.

आता तुम्ही म्हणाल, थकव्यात काय बोलायचं? काम केलं की माणूस थकणारच. बरोबर. पण मी बोलतोय त्या थकव्याबद्दल जो झोपून उठल्यावरही जात नाही. आपल्याकडे त्याला किती शब्द आहेत बघा. अंगात त्राण नाही. गळून गेल्यासारखं वाटतं. हातपाय ओढतात. उभारी वाटत नाही. आणि या सगळ्यावर गावात उत्तर मात्र एकच, "सलाईन लावून घे."

माझ्या आईचं सांगतो. दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कांदा काढणं, पात कापणं, चाळीत भरणं, मग निवडणं, हे ती तीस वर्षं करत आलीये. कधी कुरकुर नाही. पण त्या वर्षी ती दुपारी ओट्याला टेकून बसायला लागली. सकाळी उठतानाच म्हणायची, "आज अंगच उचलंना." शेजारच्या काकू म्हणाल्या, सलाईन लाव. मी तिला गाडीवर घेऊन गेलो. बाटली लागली, तासाभराने आई बाहेर आली, चेहरा जरा फुललेला. चार-पाच दिवस बरं. मग परत तेच. असं आम्ही सहा वेळा केलं. आणि खरं सांगू? चौथ्या-पाचव्या वेळेला माझ्या मनात आलं होतं, आई जरा नाटक तर करत नाही ना? हे बोलायला आज लाज वाटते, पण आलं होतं.

मग मी एकदा ती बाटली नीट वाचली. नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. चमचाभरही नाही. कधी ग्लुकोजची बाटली लावतात, पाच टक्क्यांची. तिच्यात साखर पंचवीस ग्रॅम. म्हणजे साधारण एका केळ्याइतकी ताकद! उलट्या-जुलाबाने शरीरातलं पाणी गेलं असेल, तोंडाने काही जात नसेल, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते, यात वाद नाही. पण महिनोनमहिने चालणाऱ्या थकव्याचं औषध त्या बाटलीत नाही.

मग आईला बरं का वाटायचं? या प्रश्नापासून मी वाचायला लागलो, आणि एक एक गोष्ट सापडत गेली.

पहिली गोष्ट आपल्या शेजारची, गोव्याची. तिथे 'स्त्री आरोग्य शोध' नावाचा संशोधन प्रकल्प झाला. त्यात 'संगाथ' या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल होते, लंडनचे संशोधक होते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या बायका निवडल्या. कशा? चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, कुणाच्या ओळखीने नाही. जवळजवळ अडीच हजार जणी सहभागी झाल्या. त्यांना विचारलं, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा आहे का? शंभरातल्या बारा जणी हो म्हणाल्या. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं.

आता आपल्याला वाटेल, बायकांना थकवा म्हणजे रक्त कमी. सोपं आहे. आपल्या महाराष्ट्रात तर २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघालाय. गोव्यातही त्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं. आणि काय निघालं? थकव्याचा आणि हिमोग्लोबिनचा संबंधच लागला नाही!

मग संबंध कशाशी लागला? जरा हळू ऐका. घरावर कर्ज असणं. गेल्या काही महिन्यांत उपाशी राहायची वेळ येणं. शिक्षण कमी असणं. विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळं असणं. घरातल्या निर्णयात स्वतःचा शब्द नसणं. नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती सोसणं. आणि मनावरचा ताण, उदासी. म्हणजे संशोधकांनी शरीरातल्या थकव्याचा माग काढला, आणि तो निघाला थेट घरात, पैशात, नात्यात.

इथे एक सावधगिरी. संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. कर्जामुळे थकवा, की थकव्यामुळे काम बुडून कर्ज, हे अशा एकवेळच्या पाहणीतून ठरत नाही. आणि रक्त तपासूच नका, असाही याचा अर्थ नाही. रक्तक्षयावर उपचार करायलाच हवा. अर्थ एवढाच, की हिमोग्लोबिनचा आकडा आला म्हणजे प्रश्न संपला असं समजू नका.

दुसरी गोष्ट फ्रान्सची, २०१२ सालची. तिथे १९८ बायका घेतल्या. सगळ्यांना थकवा होता, हिमोग्लोबिन नॉर्मल होतं, पण फेरिटिन कमी होतं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. कोठीतलं धान्य म्हणा ना! ताटात भाकरी आहे, पण कोठी रिकामी होत आलीये. अर्ध्या जणींना बारा आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, अर्ध्या जणींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे बायकांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. लोह घेतलेल्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला. म्हणजे नुसत्या हिमोग्लोबिनवरून हे हुकलं असतं.

पण मला भारी वाटला तो दुसरा आकडा. ज्यांना खोटी गोळी मिळाली, त्यांचाही थकवा २९ टक्क्यांनी कमी झाला! गोळीत काहीच नव्हतं. पण कुणीतरी नाव लिहून घेतलं, काय होतंय ते विचारलं, पुन्हा यायला सांगितलं. काही थकवा दिवस गेले की आपोआपही उतरतो. थकवा मोजायला थर्मामीटर नाही, तो माणसाला विचारूनच मोजावा लागतो, म्हणून ही खोट्या गोळीची तुलना लागतेच. नाहीतर कुठल्याही टॉनिकवाल्याने म्हणावं, बघा, आमच्या बाटलीने गुण आला!

इथे मला आईची सलाईन आठवली. त्या तासात काय होत होतं? ती पलंगावर आडवी होती. भर दिवसा. कुणी चहा मागत नव्हतं, कुणी "कांद्याला माणसं आलीत" म्हणून हाक मारत नव्हतं. मुलगा उशाशी बसलेला. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत असं निघालंय, की देशात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. माझ्या आईला शेतातली मजुरी वर. आमच्या घरात तिला दिवसा आडवं व्हायला सुई टोचून घ्यावी लागत होती, मंडळी.

बरं, मग सगळ्या थकव्यावर आराम हेच औषध का? नाही! आणि ही आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. थकवा दिसतो एकसारखा, पण आजार बदलला की उत्तर उलटं होतं.

कॅन्सरचं घ्या. किमो चालू असलेल्या माणसाला आपण म्हणतो, हलू नको, पडून राहा. पण २०१७ मध्ये ११३ अभ्यास, अकरा हजारांवर रुग्ण, असा सगळा एकत्र हिशेब मांडला गेला. तेव्हा दिसलं की कॅन्सरच्या थकव्यावर झेपेल तेवढा व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार हे औषधगोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतात. अर्थात किती आणि कधी, ते डॉक्टरांना विचारूनच.

आता याच्या बरोबर उलट. एक आजार आहे, एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. यात थोडी मेहनत केली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळतो आणि दिवसेंदिवस तसाच राहतो. कोविडनंतरही काही जणांना असंच होतंय. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी 'नाइस' संस्था आधी या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवा म्हणायची. रुग्ण वर्षानुवर्षं ओरडत होते, यानं आमचं वाढतंय. शेवटी २०२१ मध्ये संस्थेने पुरावे पुन्हा तपासले आणि तो सल्ला काढून टाकला. आता म्हणतात, आपली ताकद ओळखा, तेवढ्यातच कामं बसवा. म्हणून कुणी थकलंय म्हटल्यावर "चल जिमला" असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, काम केल्यावर दुसऱ्या दिवशी कसं असतं?

आईचं पुढे काय झालं? सातव्या वेळी आम्ही वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉईड, शुगर बघितली. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत आकडा वर आला, जिना चढताना लागणारी धाप गेली. पण सकाळचं ते "अंग उचलंना" राहिलंच. तेव्हा त्यांनी मला बाहेर बसवलं आणि आईला विचारलं, "ताई, रात्री झोप लागते का? कशाची काळजी वाटते?" आई अर्धा तास आत होती.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, ते आठवतं? लाल कांदा बाजारात यायची ती ऐन वेळ. भाव कोसळले. चाळीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले. वडील काही बोलले नाहीत, मला तर काहीच माहीत नव्हतं. हिशेब आईच्या डोक्यात चालायचा, रात्री दोन वाजता. आज तिच्या उदासीवर उपचार चालू आहेत. हप्ते कसे फेडायचे, हे आता तिघं मिळून बसून ठरवतो. सकाळची भांडी माझ्याकडे आली आहेत. ती पूर्ण बरी झाली का? नाही. पण परवा म्हणाली, "आज जरा हलकं वाटतंय." बाटली न लावता.

तर जाता जाता, कामाचं तेवढं सांगतो. घरात कुणी दोन-तीन आठवडे थकलंय म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह यातलं काय तपासायचं. वजन घटतंय, दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप आहे, धाप लागते, तर अजिबात थांबू नका. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या चालू करू नका. आणि जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आज रात्री एक करा. घरातलं जे माणूस सगळ्यात शेवटी जेवतं, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "झोप लागते का गं?" उत्तर आलं की मध्ये बोलू नका. फोन बाजूला ठेवा, हो, माझा पॉडकास्टसुद्धा बंद करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दुसऱ्याचीही घ्या. नमस्कार!