चोपण रानाचं काय करायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'टाकाऊतून टिकाऊ'. कार्यानुभवाच्या तासाला आपण करवंटीचे दिवे आणि काडेपेट्यांचे टेबल-खुर्ची करायचो, ते यांच्या डोक्यात असावं. माझी काडेपेटीची खुर्ची तेव्हाही उभी राहत नव्हती. पुढं राहुरीला शिकलो आणि सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. त्यामुळं मी मातीवरच बोलणार. टाकाऊ झालेल्या मातीवर, आणि ती परत टिकाऊ करायला लागणाऱ्या, आपल्याच गावात पडून असलेल्या टाकाऊ मालावर.

तुकोबांची पालखी दरवर्षी सणसरला मुक्कामाला येते. वारकरी काटेवाडीहून भवानीनगरवरून येतात आणि पुढं बेलवाडीच्या रिंगणाला जातात. रस्त्यावरून त्यांना दोन्ही बाजूला हिरवागार ऊसच दिसतो. पण रस्ता सोडून कालव्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं उतरलं की चित्र बदलतं. उसाचे मधलेच पट्टे बसलेले, उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, आणि त्याच्याही खाली वेड्या बाभळीशिवाय काही नाही. आपण म्हणतो, 'रानाला मीठ फुटलं.' आपल्या बॅचमधल्या सात जणांची रानं त्या एकाच ओढ्याला लागून आहेत. कुणाची ते मी सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे. त्यातल्या एकाचा मुलगा परवा मला म्हणाला, "काका, ते खालचं दोन एकर प्लॉटिंगला काढावं म्हणतोय, नाहीतरी कुसळसुद्धा उगवत नाही." म्हणून हा विषय आज इथं काढतोय.

हे दुखणं आपल्या पिढीचं आहे असं पुष्कळांना वाटतं. रासायनिक खतं आली आणि जमीन खराब झाली, असं म्हटलं की चर्चा मिटते. तेवढं सोपं नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा मुलूख उघडा पडला. त्यानंतर नीरा डावा कालवा खणला गेला आणि १८८५ च्या सुमाराला त्यात पाणी खेळू लागलं. सुरुवातीला बरा पाऊस झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायलाच नको म्हणायचे. मग ऊस आला आणि उसानं पाण्याची सवय लावली. १९१० साली मुंबई सरकारच्या शेती खात्यानं एक पुस्तिका काढली. विषय होता नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी, आणि लेखक होते पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे. म्हणजे पाणी आल्यावर पंचवीस वर्षांच्या आतच एक पुस्तिका भरेल इतकं रान खारवलं होतं. युरियाची गोणी तेव्हा कुणी पाहिलीही नव्हती. विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी वाटून द्यायचं, एकाच जागी वर्षानुवर्षं ऊस ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार. पुढं १९३२ ला नदीपलीकडं पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथं बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या मातीची पद्धतशीर पाहणी केली. आपल्या मातीचा अभ्यास आपल्या आजोबांच्या काळात झालेला आहे. कपाटातून तो बांधावर आला नाही, एवढंच.

आता मीठ येतं कुठून? फळ्यावर मांडतो तसं मांडून दाखवतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी धरा. हे पाणी चांगलं म्हणायचं, पिऊनही चालेल. एक एकर म्हणजे ४००० चौरस मीटर. उसाला वर्षभरात मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते झालं ८००० घनमीटर. घनमीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे एकराला वर्षाला २४०० किलो, चोवीस क्विंटल क्षार. विहिरीचं मचूळ पाणी, लिटरला १५०० मिलिग्रॅमचं धरलं, तर बारा टन! पाणी पीक पितं, ऊन पितं. मीठ कुणीच पीत नाही. ते खाली झिरपून निघून गेलं तर ठीक. आपली काळी माती खोल आणि चिकट, खाली मुरमाचा नाहीतर खडकाचा अडसर, वरून कालव्याचा पाझर. भूजल दीड मीटरच्या वर आलं की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते मातीतून वर चढतं, आणि पाणी उडून जाऊन मीठ माथ्यावर राहतं.

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण औषध त्यावर ठरतं. नुसते विरघळणारे क्षार जास्त असतील तर ती खारवट जमीन. पांढरी दिसते, पण भुसभुशीत असते. क्षारांबरोबर सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला, सामू साडेआठच्या वर गेला, की ती चोपण. ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळल्यावर पहार लागेल इतकी टणक, आणि वर साचलेलं पाणी आठवडाभर हलत नाही. खारवट जमीन पाण्यानं धुता येते. चोपण जमिनीला आधी सोडियम सोडवून घ्यावा लागतो आणि त्याच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो. त्यासाठी जिप्सम. पण निचरा नसताना जिप्सम टाकलं, तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? तो तिथंच राहतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी गाडीभर जिप्सम टाकून हात जोडून बसलेले शेतकरी मी खूप पाहिलेत. जिप्सम खोटं नव्हतं, पाण्याला वाट नव्हती.

आता त्या टाकाऊ मालाकडं येतो. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या भोंग्यावर आपल्या शाळेची घड्याळं लागायची. कुठल्याही कारखान्यात एक टन ऊस गेला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, ३० ते ४० किलो मळी आणि ४० ते ४५ किलो मोलॅसिस निघतं. (आपल्याकडं प्रेसमडलाही मळी म्हणतात आणि मोलॅसिसलाही मळी म्हणतात. मी मळी म्हणजे प्रेसमड धरतोय, ती काळसर, भुशी माती.) आपण शाळेत होतो तेव्हा मळीचे ढीग पडून असायचे आणि पावसात त्यांचा वास गावभर सुटायचा. या मळीत सेंद्रिय कर्ब आहे, स्फुरद आहे, कॅल्शियम आहे. साखर पांढरी करायला गंधक जाळतात, त्याचा अंशही तिच्यात उतरतो. चोपण जमिनीला नेमकं हेच हवं असतं. आपल्या मातीत चुनखडी भरपूर. गंधक पडला की जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवतं आणि जिप्सम रानातच तयार होतं. मळी मात्र कुजवूनच टाका. ताजी टाकली तर ती रानात तापते आणि कोंब मारते.

मोलॅसिसपासून अल्कोहोल होतं आणि मागं उरतं ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते बारा लिटर. तांबडं-काळं, आंबट, उग्र वासाचं. एके काळी हे पाणी राज्यभर ओढ्यानाल्यांत सुटलं आणि विहिरी चहाच्या रंगाच्या झाल्या. ज्यांच्या विहिरी तशा झाल्या त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आता नियम असा आहे की डिस्टिलरीच्या आवाराबाहेर थेंब जाता कामा नये. म्हणून आधी त्यापासून बायोगॅस काढतात, मग ते आटवतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. उरलेल्या राखेत पोटॅश असतं आणि त्याचं दाणेदार खत होतं. ते पोटॅश कुठलं? तुमच्या-माझ्या रानातलं, उसानं ओढून नेलेलं. आपला देश शेतीला लागणारं जवळपास सगळं पोटॅश परदेशातून आणतो आणि घरचं पोटॅश आपण कित्येक वर्षं ओढ्यात सोडलं. याचा मला आजही राग येतो. चोपण जमिनीत उन्हाळ्यात एकदाच, मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्पेंटवॉश देऊन सुधारणा होते, असे प्रयोग झालेत. पण कुणी टँकर घेऊन बांधावर आला आणि "फुकट खत आहे, सोडू का?" म्हणाला, तर त्याला परत पाठवा. मोजमाप नसलेलं औषध विषच असतं.

पाचटाबद्दल एकच वाक्य: हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल काडी लावून पेटवायचा आणि मग शेणखताला पैसे नाहीत म्हणायचं, हे बंद करा.

हे सगळं खरं असलं तरी यातलं काहीही निचऱ्याआधी नाही. निचरा म्हणजे रानात सव्वा मीटरभर खोल, वीस-तीस मीटरच्या अंतरानं, जाळीदार कापडात गुंडाळलेले छिद्रांचे पाईप गाडायचे. ते एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि त्याचं तोंड ओढ्यात काढायचं. पहिल्या हंगामात त्या तोंडातून येणारं पाणी चाखून बघा, जीभ सांगते काय धुऊन निघतंय ते. त्याच्यावर ताग-धैंचा गाडायचा, मळीचं खत घालायचं, पहिली दोन वर्षं गहू, कापूस, बीट अशी सोशीक पिकं घ्यायची. उसाचा मोह आवरत नसेल तर पाडेगावचा फुले २६५ लावायचा, तो खारवट रानात इतरांपेक्षा तग धरतो. आणि ठिबक. पाणी निम्म्यानं कमी केलं तर मघाच्या हिशोबातलं मीठही निम्म्यानं कमी येतं.

एकट्यानं हे होत नाही, आणि त्याचं कारण फक्त पैसा नाही. वरच्यानं पाईप घातले तर पाणी खालच्याच्या बांधावर येतं. खालचा अडवतो, आणि त्याचं चूकही नाही. शिरोळला दत्त कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं गावंच्या गावं एकत्र आणली. शेतकऱ्यांनी मिळून मुख्य वाहिनी नदीपर्यंत नेली आणि पडीक पडलेली हजारो एकर जमीन पुन्हा उसाखाली आली. मी जाऊन पाहिलंय. तिथले लोक पाईपबद्दल कमी बोलतात आणि कुणाला कसं राजी केलं याबद्दलच जास्त सांगतात.

एक अडचण मला शिरोळमध्येही छळत होती, ती तुमच्यापासून लपवत नाही. आपलं मीठ ओढ्यात, ओढ्यातून नीरेत, आणि नीरेचं पाणी खालची गावं उचलतात. नदी आधीच काय कमी सोसते? म्हणून माझं मत असं आहे की निचऱ्याची तोंडं झडपेची असावीत. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना ती बंद ठेवायची, पावसाळ्यात वाहत्या पाण्यात उघडायची. थोडा वेळ जास्त लागेल. शंभर वर्षांत बिघडलेलं रान दोन वर्षं उशिरा सुधारलं म्हणून काही बिघडत नाही.

तर आता कामाचं. ओढ्याकाठच्या सात जणांपैकी पाच जण आज या मांडवात आहेत. सहाव्याचं रान त्याची बहीण बघते, तीही आपल्याच वर्गातली, आणि ती समोर बसली आहे. सातव्याचं रान सगळ्यात खाली, ओढ्याच्या तोंडाशी आहे. तो आलेला नाही. चर कुठून जायचा यावरून त्याचं आणि दोघांचं बोलणं बंद आहे, हे गावाला ठाऊक आहे. त्याची संमती नसेल तर वरच्या सहा जणांच्या पाईपला तोंड नाही. त्याच्याकडं पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे, आणि आपले विज्ञानाचे सर माझ्याबरोबर येतो म्हणालेत. सरांपुढं तो शाळेतही गप्प बसायचा.

तोपर्यंत तुम्ही मातीचे नमुने काढा. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, वरच्या वीतभर थराची माती काढा. गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. एका जागी खोल जाऊन दोन फुटांवरची आणि तीन फुटांवरची माती वेगळी ठेवा, कारण दुखणं खाली असतं. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. सावलीत वाळवा. विहिरीचं पाणी धुतलेल्या बाटलीत घ्या. आणि खताच्या रिकाम्या पिशवीत माती आणू नका, नाहीतर अहवाल पिशवीचा येईल. चिठ्ठीवर नाव, गट नंबर आणि शेवटचं पीक लिहा. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी शाळेच्या व्हरांड्यात चाळणी आणि सामू मोजायचं यंत्र घेऊन बसलेला असेन.