एकही कोरा सोडायचा नाही? इटलीच्या परीक्षेने माझीच शिकवणी घेतली

कुणी एसटीत बसून ऐकत असेल, कुणी क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर. आजचा भाग बारावी सायन्सवाल्यांसाठी आहे, आणि ज्यांना वाटतं की इटलीत इंजिनिअरिंग वगैरे आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

मी संगमनेरला सीईटीचं गणित शिकवतो. बरीच वर्षं झाली. आणि माझं एक ठरलेलं वाक्य आहे, माझ्या पोरांना पाठच झालंय: "पेपरात एकही कोरा सोडायचा नाही." ते बरोबरच आहे. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. १५० प्रश्न, १८० मिनिटं. येत नसेल तर ठोकून दे, लागला तर लागला.

याच वाक्याने माझ्या एका विद्यार्थिनीचं नुकसान केलं. ती गोष्ट आज सांगतो.

अकोले तालुक्यातली मुलगी. घरी थोडी शेती, चार गाई, दुधाचा धंदा. हुशार. एक दिवस क्लास सुटल्यावर थांबली. म्हणाली, "सर, इटलीच्या सरकारी विद्यापीठात इंग्रजीतून इंजिनिअरिंग करता येतं. फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि स्कॉलरशिपपण असते. पण एक परीक्षा द्यावी लागते. टोल्क-आय." मला तोपर्यंत हे नावही माहीत नव्हतं. पण मास्तर माणूस, "मला माहीत नाही" असं पटकन तोंडातून येत नाही. म्हटलं, "दे की. सीईटीची तयारी आहेच. अजून काय लागतं?"

इथेच चुकलो.

आधी ही परीक्षा काय आहे ते समजून घ्या. सिसिया नावाची तिकडच्या विद्यापीठांची संस्था ती घेते. मुख्य प्रश्न ५०, वेळ ११० मिनिटं. गणित २० प्रश्न, ५० मिनिटं. मग लॉजिक, विज्ञान आणि उताऱ्यावरचे प्रश्न, प्रत्येकी १० प्रश्न आणि २० मिनिटं. प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं. लॉजिक लवकर संपलं म्हणून उरलेली पाच मिनिटं विज्ञानाला मिळत नाहीत, आणि मागच्या भागात परतही जाता येत नाही. पर्याय पाच. बरोबर उत्तराला १ गुण, चुकलं तर पाव गुण वजा, कोरं सोडलं तर शून्य. कॅल्क्युलेटर नाही.

सगळीच विद्यापीठं हीच परीक्षा धरतात असं नाही. तोरिनोच्या पॉलिटेक्निकची स्वतःची वेगळी परीक्षा आहे. म्हणून आधी विद्यापीठ ठरवा, मग परीक्षा, आणि त्या वर्षीचे नियम वेबसाइटवर स्वतः वाचा.

तर, जानेवारीत तिने घरूनच परीक्षा दिली. हो, घरून देता येते. बंद खोली, आत दुसरं कुणी नाही, समोर लॅपटॉप, आणि मोबाइल बाजूला कॅमेरा म्हणून लावायचा. हिवाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिकडे सकाळचे १० तेव्हा इकडे दुपारचे अडीच. नेटसाठी मामाचा वेगळा फोन, लाइट जाईल म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, आणि कुणी आत येऊ नये म्हणून दाराबाहेर आई बसलेली.

परीक्षा संपली की लगेच स्क्रीनवर दिसतं: बरोबर किती, चूक किती, कोरे किती. गणितात तिचे बरोबर ९, चूक ११, कोरे शून्य.

गणित करा. ९ मधून ११ पाव, म्हणजे पावणेतीन वजा. हातात सव्वासहा.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "सर, मला खात्रीने आठच येत होते. बाकीचे बारा ठोकले. तुम्ही म्हणता ना, कोरा सोडायचा नाही." बारा ठोकले, त्यातला एक लागला. ते बारा नुसते सोडले असते तर आठ गुण मिळाले असते.

रात्री वही घेऊन बसलो. पाच पर्याय आणि पाव गुण वजा, यात डोळे झाकून ठोकलं तर काय होतं? पाचात एकदा १ मिळतो, चारदा पाव जातो. हिशोब बरोबर शून्य. म्हणजे नशिबावर फायदाही नाही आणि तोटाही नाही. मग तिचा तोटा का झाला?

कारण आपण डोळे झाकून ठोकत नाही. अर्धवट येतं त्याच्यावर ठोकतो. आणि पर्याय काढणाऱ्याला आपल्या चुका पाठ असतात. हे बघा: गोलाची त्रिज्या २० टक्क्यांनी वाढवली, तर घनफळ किती टक्क्यांनी वाढेल? घाईत मनात येतं ६०, वीस त्रिक साठ. पर्यायांत ६० असणारच. खरं उत्तर १.२ चा घन, म्हणजे १.७२८. वाढ ७२.८ टक्के. अर्धवट ज्ञान आपल्याला थेट सापळ्यात नेतं.

म्हणून आम्ही नियम बदलला. एक तरी पर्याय खात्रीने खोडता आला तरच उत्तर द्यायचं, कारण तिथून हिशोब आपल्या बाजूला झुकतो. दोन खोडले तर आणखी चांगलं. एकही खोडता येत नसेल तर कोरा सोडायचा आणि पुढे जायचं.

दुसरी चूक अभ्यासाची होती. सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे. आम्ही इंटिग्रेशन, डेरिव्हेटिव्ह घोटत बसलेलो. आणि टोल्क-आयचं गणित काय? बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, फलनं, आलेख, संख्याशास्त्र. मी तिला म्हटलं, "माळ्यावरून दहावीचं गणित भाग दोन काढ." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. आठवडाभर महत्त्वमापन, वर्तुळ, समरूपता. जे आपण मार्कांसाठी पाठ केलं आणि दहावीनंतर विसरलो, तेच तिकडे पाया म्हणून तपासतात.

तिसरं लॉजिक. हे आपल्याकडे इंजिनिअरिंगवाल्यांना कुणी शिकवत नाही. "गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आहेत" हे खोटं असेल, तर खरं काय? दहातली आठ पोरं सांगतात, "एकही विहीर आटली नाही." चूक. खरं एवढंच की निदान एका विहिरीला पाणी आहे. असे रोज पाच प्रश्न. घड्याळ लावून.

ही परीक्षा महिन्यातून एकदाच देता येते. फेब्रुवारीत तिने पुन्हा दिली. गणितात बरोबर ११, चूक २, कोरे ७. गुण साडेदहा.

वडील त्या दिवशी क्लासवर आले होते. त्यांनी कोऱ्यांचा आकडा पाहिला आणि मला म्हणाले, "सर, एवढी शिकलेली पोरगी, सात प्रश्न सोडून का आली?" मी म्हटलं, "दादा, बाजारात भाव पडलेला असला तर तुम्ही माल परत आणता ना? तसंच." ते हसले. म्हणाले, "मग बरोबर केलं तिनं."

एक लक्षात ठेवा. १९८३ साली लोणी, कोपरगाव आणि संगमनेर इथे इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. त्याच्या आधी आपल्याकडच्या पोरांना इंजिनिअरिंगसाठी पुणं-मुंबई गाठावी लागायची, आणि अकोल्याच्या माणसाला पुणंसुद्धा परदेशच वाटायचं. त्यामुळे इटली लांब आहे म्हणून सोडू नका, आणि परदेश आहे म्हणून जवळचं कॉलेज हलकंही समजू नका. तिने दोन्ही दारं उघडी ठेवली. टोल्कही दिली, सीईटीचा फॉर्मही भरला. परीक्षेनंतर प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रं, मग मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासातून व्हिसा, याला महिने लागतात. पासपोर्ट अकरावीतच काढून ठेवा.

सीईटीच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला: "सर, उद्या काय करू? सोडू की ठोकू?"

मी लिहिलं: "उद्या एकही कोरा सोडू नकोस, बाळा."

वाक्य तेच, जुनं. फक्त आता ते कुठल्या पेपरात चालतं आणि कुठल्या नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तुम्हीही कुठलीही परीक्षा द्या, अभ्यासाला बसायच्या आधी तिचा गुणांचा नियम वाचा. मी तो वाचला नव्हता, आणि त्याची किंमत तिने मोजली.

गोलाचा प्रश्न ज्यांचा ६० आला, त्यांनी आज रात्री दहावीचं पुस्तक शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.