वेग दुप्पट, मार चौपट

श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या श्रोत्यांना 3 जून 2020 ची दुपार मी आठवून द्यायला नको. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दुपारी किनाऱ्याला लागलं. आदल्या दिवसापासून बातम्यांत एक आकडा फिरत होता. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. ऐकणारा मनात म्हणतो, हायवेवर गाड्या एवढ्या वेगानं रोजच पळतात की! आकडा खरा होता, पण तो ऐकणाऱ्याला फसवतो. कसा, ते आज सांगायचं आहे.

60 च्या वेगानं वारा भिंतीवर आला, तर भिंतीच्या एका चौरस मीटरवर साधारण 17 किलो वजनाएवढा दाब पडतो. वेग 120 झाला की दाब 34 किलो व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. होतो 68 किलो! कारण सोपं आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे दर सेकंदाला भिंतीपर्यंत पोचणारी हवा दुप्पट झाली, आणि तिचा प्रत्येक झोतही दुप्पट वेगानं आदळला. दोन दुणे चार. बातमीत वेग सांगतात, घराला मात्र त्या वेगाचा वर्ग सोसावा लागतो.

पत्र्याचं तर आणखी वेगळं. वारा पत्रा ढकलून नेतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो पत्रा उचलतो. छपराच्या माथ्यावरून वळताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. घरातली हवा मात्र होती तशीच असते, ती खालून रेटते. त्यातच वाऱ्याकडची खिडकी फुटली, की आतला रेटा आणखी वाढतो. दहा फुटी पत्रा धरा, सुमारे तीन चौरस मीटरचा. वजन फार तर पंधरा किलो, आणि त्याला वर ओढणारं बळ दोनशे किलोच्या घरात. आपण त्यावर दगड ठेवतो, रेतीची पोती ठेवतो. मीही ठेवली आहेत. हिशेब मांडल्यावर त्या दगडांकडे बघून हसू आलं. पत्रा धरून ठेवतात ते हुक आणि खालचे वासे; दगड फक्त आपल्या मनाला धीर देतात.

पोफळीचंही तसंच. चाळीस फुटांवर झावळ्यांचा झुबका, खाली सडपातळ खोड. वरचा रेटा आणि ती उंची मिळून तरफ तयार होते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागाच्या बागा त्या दुपारी अशा तरफेनं मोडल्या. नवं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. मोडायला एक झोत पुरला.

मग वाऱ्यात एवढी ताकद येते कुठून? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चुलीवर लीटरभर पाणी उकळीपर्यंत आणायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता, त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. मे महिन्यात अरबी समुद्रावर ऊन हेच काम करत असतं, बिनआवाज. ती उष्णता वाफेत दडून वर जाते आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं की ढगात मोकळी होते. एक लीटर पाऊस म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट. आता सबंध जिल्ह्यावर पडणारा पाऊस डोळ्यांपुढे आणा! त्यातला अगदी थोडा हिस्सा वाऱ्याच्या वेगात उतरतो, तरी छपरं जातात.

पण वारा निदान ओरडून येतो. पाणी तसं करत नाही, म्हणून मला वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती जास्त वाटते. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आत, तेवढ्याच पाण्याचं हजार किलो. झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरनं वाहणारं पाणी जेवढं ढकलतं, तेवढं ढकलायला वाऱ्याला ताशी दीडशेच्या वर जावं लागेल. म्हणजे निसर्ग वादळाहूनही पुढे! आणि आपण काय म्हणतो? ‘गुडघाभरच तर आहे, जाऊ पलीकडे.’

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा मोटारी कागदी होड्यांसारख्या फिरताना साऱ्यांनी पाहिल्या. त्यात नवल नाही. लहान मोटारीचा तळ सुमारे सहा चौरस मीटर. त्या तळाच्या वर पाणी जेमतेम वीतभर चढलं, की बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन मोटारीच्या वजनाएवढं होतं. आत पाणी शिरेपर्यंत ती मोटार नव्हे, होडीच. चाकांचा भार रस्त्यावर उरत नाही, मग ब्रेक दाबून करणार काय?

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर उतरला. तिथंही पाण्यानं हेच केलं, फक्त मातीच्या पोटात. उतारावरची माती जागेवर राहते ती घर्षणामुळे, आणि घर्षण टिकतं कणांनी एकमेकांवर टाकलेल्या भारामुळे. पाऊस मुरत जातो, खालच्या काळ्या पाषाणाशी अडतो, कणांमधल्या फटी भरतात. मग भाराचा काही वाटा पाणी आपल्या अंगावर घेतं, कण एकमेकांवर पहिल्यासारखे टेकत नाहीत. मोटारीच्या चाकांचं झालं तेच. वरून भिजलेल्या मातीचं वजन वाढलेलं असतं ते निराळंच. उंचीवर साठलेली ऊर्जा मग काही क्षणांत खाली येते. ती काही त्या दिवशी आलेली नसते. डोंगर जितका जुना, तितकी तीही जुनी.

दरड कोसळण्याआधी कधी कधी खुणा दिसतात. नितळ झरा अचानक गढूळ होतो, जमिनीला भेग पडते, विजेचा खांब कलतो. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाऊस उघडला की माणसं घराकडे परततात. डोंगराच्या पोटात मात्र त्या वेळी पाणी अजून झिरपत, साठत असतं.