हवापाणी



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याला मोठ्या विषयांचा मोह होतो. संस्कृती, भाषेचे भवितव्य, समाजाची जडणघडण हे विषय अशा प्रसंगी शोभून दिसतात आणि त्यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर येऊनही गेली आहेत. आम्ही मात्र आज अगदी साध्या विषयाकडे वळणार आहोत. आपला कोणताही कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होत नाही, हे सर्वश्रुत आहे. तो सुरू होईपर्यंत सभागृहाच्या दारात, चपला काढण्याच्या जागी आणि चहाच्या टेबलापाशी जे बोलणे चालते, तोच आमचा विषय. या बोलण्यात तीन गोष्टी हटकून असतात : आजची हवा, आजची बातमी आणि कुठूनतरी कळलेली एखादी नवलाची गोष्ट.

अशा बोलण्याला रिकामटेकड्या गप्पा म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. आम्हांस ती मान्य नाही. परक्या मुलखात आलेल्या माणसाचे त्या मुलखाशी पहिले नाते जडते ते हवेविषयी बोलता बोलताच. तेथील भाषा मागाहून येते, मतदारयादीत नाव त्याहूनही मागाहून लागते; पण ‘आज उकडते आहे’ एवढे वाक्य पहिल्या दिवशीच तोंडातून जाते. तेव्हा गप्पा वाईट नाहीत. त्या अर्धवट राहतात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम हवेचे पाहू. पुण्याचे, नागपूरचे नातलग चौकशी करतात ती अशी : ‘काय म्हणते तुमचे हवापाणी?’ आपण अभिमानाने हवेचे वर्णन करतो आणि पाण्याचे नावही काढत नाही. वस्तुतः ‘हवापाणी’ हा द्वंद्व समास आहे. शाळेत आपण शिकलो की द्वंद्व समासात दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असतात. बंगळूरविषयी बोलताना मात्र आपण या समासाचे एकच पद उच्चारत आलो आहोत.

हवेचे कौतुक अनाठायी आहे असे नाही. चेन्नई आणि बंगळूर ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, तेराव्या अंशाच्या आसपास आहेत. एक समुद्रकाठी, तर दुसरे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर. हजार मीटर वर चढले की हवा साधारणतः सहा अंशांनी थंड होते. बंगळूरच्या सौख्याचे मुख्य रहस्य एवढेच आहे. याच हवेपायी इंग्रजांनी श्रीरंगपट्टणचा हिवतापाने पिडलेला तळ हलवून १८०९ साली येथे छावणी वसवली. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साह्याने विमानाचा कारखाना काढला तो येथेच. पुढे कारखाने, संशोधनसंस्था आणि केंद्र सरकारची कार्यालये वाढली आणि त्यांच्याबरोबर आपणही आलो. बदलीचा हुकूम बंगळूरचा निघाला की कचेरीत पेढे मागितले जात, ते या हवेसाठीच.

शहराच्या हवेची नोंदही बरीच जुनी आहे. १३ जानेवारी १८८४ रोजी येथे पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता. उलट टोकाची नोंद आहे २४ एप्रिल २०१६ ची, ३९.२ अंशांची. नागपूरकर या आकड्याला हसतील. परंतु ज्या गावातील जुन्या घरांना पंख्याची गरज भासत नसे, त्या गावाला तो हसण्यासारखा नाही.

आता नवलाच्या गोष्टी. बंगळूरविषयी अशा गोष्टींचा तोटा नाही. होयसळ राजा बल्लाळ वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून गावाचे नाव ‘बेंद काळु ऊरु’ पडले, ही कथा आपण प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतो. कथा गोड आहे. पण होयसळांच्या पुष्कळ आधीचा, नवव्या शतकाच्या अखेरीचा गंगकालीन वीरगळ बेगूर येथील देवळात आहे आणि त्यावर ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे दाणे शिजण्याआधीच गावाचे बारसे झालेले होते.

दुसरी गोष्ट दिव्यांची. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. असे दिवे लागणारे हे आशियातील पहिले शहर, असे छातीठोकपणे सांगितले जाते. दिवे लागले हे खरे. पहिलेपण मात्र खरे नव्हे, कारण शांघायमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. पण या फोल अभिमानात एक अस्सल नवल झाकून गेले आहे. ती वीज शिवनसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर निर्माण झालेली होती. कावेरी या शहरात प्रथम आली ती प्रकाशाच्या रूपाने. पाण्याच्या रूपाने ती पोहोचली १९७४ साली, सुमारे सत्तर वर्षांनंतर.

तिसरी गोष्ट चर्चिलची. लष्करी अधिकारी म्हणून विन्स्टन चर्चिल येथे राहिले. त्यांच्याकडे बंगळूर क्लबचे तेरा रुपये येणे राहिले आणि १८९९ सालच्या वहीत ती रक्कम वसूल न होणारी म्हणून नोंदली गेली. ही गोष्ट खरी आहे आणि आपण ती फार चवीने सांगतो. तेरा रुपयांचा हिशेब सव्वाशे वर्षे जपणाऱ्या गावाने आपल्या तळ्यांचा हिशेब मात्र तितक्या निष्ठेने जपला नाही.

येथून आपण बातमीकडे येतो. २०२४ च्या मार्च महिन्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुतल्यास किंवा बागेला पाणी घातल्यास पाच हजार रुपये दंड करण्याचा हुकूम पाणीपुरवठा मंडळाने काढला. त्याच वर्षी २ जून रोजी या शहरात एका दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस पडला. जून महिन्यातील एका दिवसाचा १८९१ सालचा विक्रम त्याने मोडला. मार्चमध्ये थेंबाला दंड आणि जूनमध्ये रस्त्यांचे ओढे! दोन वर्षे आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, याहून विलक्षण प्रकार घडला होता. पूर्वेकडील रस्ते बुडाले, संगणक कंपन्यांतील नोकरदार ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले. आणि त्याच दिवसांत तोरेकाडनहळ्ळी येथील पंपगृहात पुराचे पाणी शिरल्याने शहराच्या बऱ्याच भागांत नळ कोरडे राहिले. दाराशी पाणी आणि घरात पाणी नाही, अशी ती अवस्था होती.

हे असे का व्हावे? बंगळूरला मोठी नदी नाही. गाव वसले आहे उंच कण्यावर. त्याच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतो. पूर्व उतारावरचा थेंब बेळ्ळंदूर, वर्तूर या तळ्यांमार्गे दक्षिण पिनाकिनीकडे जातो. छपराच्या आढ्यावर पडलेल्या पावसासारखे हे आहे. अडवला नाही तर दोन्ही अंगांनी निघून जातो. केंपेगौडांपासूनच्या जाणत्यांनी हे ओळखले आणि उतारावर तळ्यांची माळ गुंफली. एक तळे भरले की जादा पाणी काळुव्यातून खालच्या तळ्यात जाई. पुढे ती माळ तुटत गेली. मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसने येऊन आपण स्थानकासमोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकात शिरतो, ते धर्मांबुधी तळ्याच्या तळावर उभे आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार आहे. उरलेल्यांपैकी बेळ्ळंदूरच्या पाण्यावर फेस दाटला आणि २०१७ व २०१८ साली त्या तळ्याला चक्क आगी लागल्या. तळे पेटल्याची बातमी वाचण्याचे भाग्य पूर्वीच्या कोणत्या पिढीला लाभले असेल?

माळ तुटल्यावर पाणी दुरून आणणे आले. १८९४ साली हेसरघट्टा, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळी, दोन्ही अर्कावतीवर. ती अपुरी पडली तेव्हा कावेरी. ती सुमारे शंभर किलोमीटरवरून येते आणि सुमारे पाचशे मीटर वर चढवावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. आपल्या मंडळाचे वय आणि बंगळुरातील कावेरीच्या पाण्याचे वय जवळजवळ एकच आहे. ज्या हवेसाठी आपण आलो, ती येथे फुकट होती. ज्या पाण्यावर आपण राहिलो, ते दुसऱ्यांच्या शेताशेजारून उचलून आणलेले होते. याचे स्मरण आपण कितीदा ठेवले?

यावर कोणी म्हणेल, हा प्रश्न येथील सरकारचा; आपण पडलो बाहेरचे. आपली गैरसोय झाली की ‘यांचे बंगळूर’ आणि हवा छान पडली की ‘आपले बंगळूर’, असे व्याकरण आपण सोयीने वापरतो. पण इतिहास तरी आपल्याला बाहेरचे ठरवू देत नाही. १६३८ साली हे शहर विजापूरकरांनी जिंकले आणि ते शहाजीराजांची जहागीर झाले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयाला एकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्याच देवळासमोरचे नंदीतीर्थ मातीखाली गाडले गेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उकरून काढले, तेव्हा नंदीच्या मुखातून पाण्याची धार पुन्हा दिसली. एकोजीराजे पुढे तंजावरला, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात राज्य करण्यास गेले. ते कावेरीकडे गेले; आपण कावेरीला येथे ओढून आणली. गोदा, कृष्णा, भीमा या आपल्या नद्या ज्या सह्याद्रीत उगम पावतात, त्याच सह्याद्रीच्या कोडगूतील कुशीत कावेरीही जन्मते. मग आपण तिचे परके कसे?

पावसाचे नातेही असेच. आपण मृगाची वाट पाहतो, तसा कन्नड शेतकरीही पाऊस नक्षत्रांनीच मोजतो. फरक एवढाच की मुंबईला एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर बंगळूरची साऱ्या वर्षाची सरासरी हजाराच्या थोडी आत आहे, आणि त्यातला मोठा वाटा उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. मुंबईची सवय घेऊन आलेला माणूस जूनची रिमझिम पाहून ‘हा काय पाऊस!’ म्हणतो आणि नवरात्रात भिजतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक लहानशी सूचना मांडतो. मंडळाच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवावा. सकाळी साडेआठ ही हवामान खात्याची नोंदीची वेळ. त्या वेळी कोणीतरी जाऊन आकडा वाचावा, वहीत उतरवावा आणि दारातल्या फळ्यावर खडूने लिहावा. निवृत्त सभासदांना सकाळचे निमित्त मिळेल, मुलांना मापन कळेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीस फूट बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर वर्षाकाठी सुमारे एक लाख लिटर पाणी आकाशातून उतरते. एवढ्या आकाराच्या नव्या घरांना पाऊस साठवण्याची सक्ती २००९ सालच्या कायद्याने झालेली आहे. आपल्यापैकी किती घरांतील टाक्या कोरड्या अथवा कचऱ्याने भरलेल्या आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपले घर कोणत्या उतारावर आहे, दारातले पाणी कोणत्या काळुव्यातून कोणत्या तळ्यात जाते, हे प्रत्येक सभासदाला सांगता आले पाहिजे. ‘पाणी मानवले’ असे आपल्या भाषेत म्हणतात. माणूस गावात रुळला याची ती जुनी खूण. बंगळूरचे पाणी आपल्याला मानवले आहे. आपणही त्या पाण्याला मानवावे, एवढीच अपेक्षा. यापुढे पुण्या-नागपूरच्या नातलगांनी हवापाणी विचारले की समासाचे दुसरे पदही उच्चारावे. आणि चहाच्या टेबलापाशी गप्पा जरूर चालू द्याव्यात. फळ्यावरचा आकडा पाहूनच त्यांना आरंभ करावा.